वासाची खोली

४ फेब्रुवारी

तापातून उठून आज कारखान्यात गेले. पाय अजून लटपटतात, पण घरी आणखी एक दिवस पडून राहिले असते तर आईच्या काळजीनेच पुन्हा ताप भरला असता. साबणाचं यंत्र चालू होतं, बायका आपापल्या जागी होत्या, आणि धाकटी टोपीत केस कोंबून साबणाचा चुरा घोटत उभी होती. माझ्यावाचून कुणाचं काही अडलेलं दिसलं नाही. यावर खूश व्हावं की रुसावं, कळेना.

धाकटी म्हणजे माझी नणंद. "नणंदेला धंद्यात घेऊ नकोस, घरही जाईल आणि धंदाही," असं मला चारचौघींनी बजावलं होतं. मी घेतलं. चुऱ्यात सुगंधाचा अर्क किती मुरवायचा हे तिच्या हाताला बरोबर कळतं. वास पारखायचं काम मात्र माझं, तिथे मी कुणाला शिरकाव करू दिलेला नाही.

हॉटेलवाल्यांचा फोन आला. जानेवारीत दिलेला नमुना त्यांना पसंत पडला. सगळ्या खोल्यांमधून आपला साबण ठेवणार, पहिला माल मार्चअखेर. हे जमलं तर कारखाना तरला. नाही जमलं तर निम्म्या बायकांना घरी बसवावं लागेल, आणि हे फक्त मला आणि धाकटीला माहीत आहे. हसत हसत फोन ठेवला.

९ फेब्रुवारी

आज वासाच्या खोलीत हॉटेलचा पहिला घाणा पारखला.

ही खोली म्हणजे माझं राज्य. पांढऱ्या फरशा, एक खिडकी, एक स्टूल. तबकात वड्या येतात, मी हुंगते आणि "जाऊ द्या" किंवा "थांबा" एवढंच म्हणते. बाकी कुणी तोंड उघडायचं नाही. हा वडिलांचा नियम, त्यांच्या सुगंधी तेलांच्या दुकानातला. शेजारचा 'गुलाब' म्हणाला की आपल्या नाकालाही गुलाबच येतो, म्हणून आधी सगळ्यांची तोंडं बंद. इतक्या वर्षांत एकाही बाईने तिथे ब्र काढलेला नाही, आणि त्याचा मला अभिमान आहे.

आजचा घाणा फिका. गुलाब होता, पण भिंतीपलीकडच्या गप्पांसारखा, कुणीतरी बोलतंय एवढंच कळावं असा. "थांबा" म्हटलं आणि बाहेर येऊन अर्क वाढवायला सांगितला. धाकटीने माझ्याकडे पाहिलं, ओठ हलले, मग तबक उचलून गेली.

अर्कवाल्याने भेसळ केली असणार. फोनवर त्याला चांगलं फैलावर घेतलं. बिचारा मुलाबाळांच्या शपथा घेत होता, पण शपथा घेणाऱ्यांवर माझा जास्तच संशय असतो.

१६ फेब्रुवारी

आईने स्वयंपाकात हात आखडता घेतला आहे. जेवण नुसतं गरम लागतं. मी वरून मीठ घेतलं, पुन्हा घेतलं, ती बघत राहिली. "तुझं तोंड अजून आजारी आहे," म्हणाली. "तोंड नाही, तुझा हात आजारी आहे," मी म्हणाले. मी हसले. ती हसली नाही, आता लिहिताना आठवतंय.

कन्येचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. पूर्वी मैत्रिणीकडून आली की तडक आंघोळीला पळायची. हल्ली येऊन माझ्या अगदी शेजारी बसते, खांद्याला खांदा लावून, आणि माझ्या तोंडाकडे टक लावून पाहते. सतराव्या वर्षी मुलीला आईची इतकी ओढ लागावी, हे भाग्यच.

हॉटेलच्या माहितीपत्रकाचा मजकूर पाठवला. 'आईकडच्या डोंगरातला गुलाब, वडिलांच्या बंदरावरची संत्र्याची साल, सासरच्या मळ्यातलं तेल. तीन घरांचा एक सुगंध.' गिऱ्हाइकांना हे फार आवडतं. खरं सांगायचं तर डोंगरात मला बंदराची पोर म्हणायचे, बंदरावर डोंगरी म्हणायचे, आणि सासरी अजून माझे उच्चार ऐकून पाहुणे गालातल्या गालात हसतात. आईशी मी एक भाषा बोलते, नवऱ्याशी दुसरी, आणि कन्या दोन्हींची सरमिसळ करून तिसऱ्याच भाषेत उलट उत्तरं देते. तिन्ही घरं कुठे एकत्र नांदली असतील तर ती या वडीत. म्हणून वडी बिघडली की माझं चित्त थाऱ्यावर राहत नाही.

२३ फेब्रुवारी

बाळघराची सभा. टाकून दिलेली, किंवा आईबापांना सांभाळणं जमलं नाही अशी तान्ही मुलं तिथे राहतात. त्यांचा साबण पहिल्यापासून आमच्याकडून जातो, फुकट, आणि समितीत मी आहे.

मेट्रन म्हणाल्या, "बाई, यापुढे बिनवासाचाच पाठवाल का? डॉक्टरही तेच म्हणतात. यांची कातडी फार नाजूक असते."

मी साफ नाही म्हटलं. "घरोघरच्या बाळांनी छान वासाच्या साबणाने न्हायचं आणि यांना उरलंसुरलं? ते मला जमायचं नाही. त्यात अर्क असा असतोच किती? नावाला."

"नावालाच असेल तर ठीक आहे," मेट्रन म्हणाल्या.

अध्यक्षांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. परतताना अंगावर मूठभर मांस चढलं होतं. मग गाडीत शंका आली, आपण मुलांसाठी भांडलो की आपल्या नावासाठी? मुलांसाठीच. तसं लिहून ठेवते.

२ मार्च

हॉटेलचा खरेदी अधिकारी येऊन गेला. बिचाऱ्याला सर्दी झाली होती. डोळे लाल, नाकाला रुमाल, आणि माझ्या खोलीत येऊन बसल्या बसल्या त्याने खिडकी उघडायला सांगितली. वडी हातात घेतली आणि लांब धरली.

"फारच... भरघोस आहे," म्हणाला. "पण आम्हाला जानेवारीतल्या नमुन्यासारखाच हवा. अगदी तसाच. नाहीतर वरचे लोक मान्य करणार नाहीत."

भरघोस हा शब्द त्याने सभ्यपणापोटी वापरला, हे मला कळत नाही का? जानेवारीचा वास अजून साधलेला नाही, असंच त्याला म्हणायचं होतं. तो जाताच मी उठले. धाकटीला बोलावून अर्क दुप्पट करायला सांगितला.

"वहिनी, एक बोलू?"

"बोल."

"दुप्पट नको. त्यापेक्षा तुम्ही एकदा तब्येत दाखवून या ना."

"तब्येतीचं काय आलं यात?"

"काही नाही. ताप आल्यापासून तुम्ही..." मग थांबली. "थकल्यासारख्या दिसता."

मी थकलेली दिसते, म्हणून साबणाला वास नाही! माझ्या तब्येतीत नाक खुपसण्यापेक्षा यंत्राकडे बघ म्हटलं.

७ मार्च

आजचं आजच लिहून ठेवते.

आज अर्काचं पिंप हलवून पाहिलं. दुप्पट जात असता तर ते एव्हाना तळाला गेलं असतं. जागचं हलेना, इतकं जड. मी यंत्र बंद करायला लावलं आणि सगळ्या बायकांसमोर धाकटीला विचारलं.

"मी दुप्पट घालायला सांगितला होता. घातलास?"

"नाही."

"मग किती घातलास?"

"ते साहेब येऊन गेल्यापासून जानेवारीइतकाच, वहिनी. बाळघराच्या घाण्यात त्याहून कमी."

"का?"

तिने बायकांकडे पाहिलं. बायका जमिनीकडे पाहायला लागल्या. "आत चला, आत सांगते."

"इथेच सांग."

ती यंत्रावरचा चुरा पुसायला लागली. महिनाभर मी "थांबा, थांबा" म्हणत डोकं फोडून घेते आहे, आणि ही माझ्याच छताखाली माझं ऐकत नाही! हॉटेलवाला परत गेला तर निम्म्या बायकांच्या पोटावर पाय येईल, हे तिला पक्कं ठाऊक असताना. मला एकच अर्थ लागला. मी म्हटलं, "तुला माझ्या स्टुलावर बसायचंय."

ती एकदम पांढरी पडली. "तुम्हाला असं वाटतं?"

"टोपी काढ आणि घरी जा."

गेली. टोपीची नीट घडी करून यंत्रावर ठेवून गेली.

८ मार्च

नवरा सकाळपासून वर्तमानपत्रात डोकं घालून बसला आहे, आणि पान काही उलटत नाही. शेवटी मीच म्हटलं, "बहिणीची बाजू घ्यायची असेल तर उघड घे."

"मी कुणाचीच बाजू घेत नाहीये. तू डॉक्टरकडे जाऊन ये एवढंच म्हणतोय."

भावाबहिणीने आधीच ठरवलेलं दिसतंय. आईही मान डोलावत होती, जिला जावयाची भाषा धड कळत नाही तीसुद्धा. सगळं घर मला आजारी ठरवायला टपलंय.

आंघोळीच्या वेळी नवी वडी नाकाशी धरली. गुलाब आला. आला, असं वाटलं. वडी गुलाबी नसती तर आला असता का, असा एक विचार मनात आला, तेवढ्यात कन्येने दार वाजवलं. बरं झालं.

१२ मार्च

घाणा मी स्वतः केला. आधी बाळघराचा, कारण त्यांचा साबण संपत आलाय, आणि हात बसला की हॉटेलचा. अर्क माझ्या हाताने ओतला, थोडा थोडा, वास येईपर्यंत. सुरुवातीला काहीच नाही. पुन्हा ओतला. शेवटी एकदाचा आला, अगदी हलका, बाळांना शोभेल असा.

घोटणाऱ्या बायकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एक तर खोकत बाहेर पळाली. धाकटीसाठी ही सगळी रडारड, मला का कळत नाही? लबाड मेल्या. वासाच्या खोलीत तबक आणलं तेव्हा सगळ्यांनी पदर नि ओढण्या तोंडाशी धरलेल्या. मी दुर्लक्ष केलं. "जाऊ द्या," म्हटलं. किती दिवसांनी म्हटलं! गाडी लगेच रवाना केली.

तरी जीव स्वस्थ नाही. सगळं मनासारखं झालं की मला भीतीच वाटते.

१४ मार्च

सकाळी बाळघरातून फोन. "ताबडतोब या." मेट्रन एरवी "याल का" म्हणतात.

कन्येला शिकवणीला सोडायला निघाले होते, तिला तशीच बरोबर नेली. बाळघराची सगळी दारंखिडक्या उघडी होती. ओळीने पाळणे, आणि बाळांच्या मानेवर, काखेत, मांड्यांवर लालभडक चट्टे. सगळी एका सुरात रडत होती. एक रडत नव्हती, सगळ्यांत लहान. तिला धाप लागली म्हणून पहाटेच इस्पितळात नेलं होतं. तिचा पाळणा रिकामा होता.

मेट्रननी साबणाचं खोकं अंगणात ठेवलं होतं. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. "बाई, हे तुम्ही हुंगून पाठवलंत?"

"हो. अगदी हलका आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कन्येकडे. कन्येने ओढणीने नाक दाबून धरलं होतं.

"आई," ती म्हणाली, "माझे डोळे जळतायत. फाटकापासून वास येतोय. तुला खरंच येत नाहीये?"

मी खोक्यावर वाकले. तोंड जवळजवळ आत घातलं. मग डोळे मिटून घेतले, म्हणजे गुलाबी रंगही दिसायला नको. काहीच नव्हतं. भिंतीपलीकडचं बोलणंही नव्हतं.

गाडीत कन्या रडायला लागली. "मला वाटलं होतं, पण खात्री नव्हती. मी महिनाभर सिगारेट ओढून तुझ्या शेजारी येऊन बसतेय. तुला कळेल, तू ओरडशील, याची वाट बघत. तू ओरडलीच नाहीस."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. तिचा हात धरला.

१५ मार्च

छोटीला प्राणवायू लावला आहे. इस्पितळात मला काचेपर्यंतच जाऊ दिलं. तिची छाती केवढीशी, आणि ती भराभर वर-खाली होते आहे. मी केलं हे. भेसळवाल्याने नाही, नणंदेने नाही. मी, माझ्या हाताने, अर्क ओतून ओतून.

आईने सकाळी ताट पुढे ठेवलं. वरून मीठ न घेता जेवले. ती म्हणाली, "महिनाभर मी मीठ वाढवतच होते गं."

१८ मार्च

छोटीची नळी काढली. दूध प्यायली. मेट्रननी फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवला. मी जिन्यात बसून मोकळी रडले, नवरा पाठीवर हात ठेवून उभा होता.

नाकाचा डॉक्टर म्हणाला, तापात गेलंय. येईल, किंवा येणारही नाही. त्याने एकेक बाटली नाकाशी धरली आणि मी दर वेळी अंदाजाने काहीतरी सांगत राहिले, परीक्षेतल्या ढ मुलीसारखी. शेवटच्या बाटलीला मी ठासून 'संत्रं' म्हणाले. नुसतं पाणी होतं.

तिथून धाकटीकडे गेले. तिने दार उघडलं आणि वाटेतच उभी राहिली. मी सगळं सांगितलं. हात जोडले. मला माफी मागायची सवय नाही, म्हणून बहुधा फार मोठ्याने मागितली, शेजारीण बाहेर येऊन बघायला लागली. तेव्हा धाकटीने आत घेतलं.

"मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि तुम्ही लपवताय," ती म्हणाली. "तुमचा शब्द बायकांसमोर खाली पडू नये म्हणून गुपचूप कमी घालत होते. वाटलं, आठ-पंधरा दिवसांत नाक येईल, तोवर निभावून नेऊ."

"मग मला स्पष्ट का नाही बोललीस?"

"कुठे बोलणार, वहिनी? त्या खोलीत?"



तिला परत ये म्हटलं. ती लगेच हो म्हणाली नाही. दोन अटी घातल्या. बाळघराला यापुढे बिनवासाचा साबण जाईल. आणि वासाच्या खोलीत ती बसेल. तिने थांबा म्हटलं की थांबायचं, का म्हणून विचारायचं नाही. "तुम्हाला कुणी विचारायचं का?" म्हणाली. मी कबूल केलं. निरोप देताना ती हसली नाही. मला माफ केलंय असंही म्हणाली नाही.

२० मार्च

सगळ्या बायकांना बोलावून सांगितलं की माझं नाक गेलं आहे. कुणालाच नवल वाटलं नाही. एकीने हळूच विचारलं, "मग आता बोललं तर चालेल?" चालेल म्हटलं. तरी कुणी बोललं नाही. या बायकांच्या तोंडाला मी इतकी वर्षं बूच मारून ठेवलं होतं, ते एका दिवसात कसं निघणार?

बाळघराच्या समितीतून नाव काढून घेतलं. मेट्रन म्हणाल्या, बिनवासाचा साबण डॉक्टर तपासतील, मग बघू. ठीक आहे. तेवढा हक्क त्यांचा आहे.

२६ मार्च

हॉटेलचा माल तयार. ट्रक सकाळपासून फाटकात. खरेदी अधिकाऱ्याचे दोन फोन येऊन गेले. उद्या माल पोचला नाही तर ते दुसऱ्याकडून घेणार.

धाकटी स्टुलावर बसली. मी दाराशी, बायकांच्या रांगेत. तबक आलं. तिने एक वडी उचलली, हुंगली, खाली ठेवली. दुसरी उचलली. खूप वेळ डोळे मिटून बसली. मग म्हणाली, "थांबा."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. मी त्यांची तोंडं निरखली. काहीच कळेना, सगळ्यांचे चेहरे सारखेच घाबरलेले. धाकटी माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या मनात नको नको ते आलं. याच बायकांसमोर मी तिची टोपी उतरवली होती. हा साबण खरंच बिघडलाय, की ती आज मला दाखवून देते आहे? मी पुढे होऊन एक वडी उचलली आणि सवयीने नाकाशी नेली. गुलाबी, गुळगुळीत, थोडी कोमट. ती परत तबकात ठेवली.

"धाकट्या बाईंनी थांबा म्हटलंय," मी म्हणाले. "सगळा माल परत घोटायचा."

ट्रक रिकामा पाठवला. अधिकाऱ्याला फोन केला. तो भडकला. "कारण काय पण? तुम्हाला तो कमी वाटला का जास्त?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मला वास येत नाही. माझी नणंद नको म्हणाली."

मग तो म्हणाला, वरच्यांना विचारून संध्याकाळपर्यंत कळवतो.

संध्याकाळ झाली. फोन आलेला नाही. बाहेर यंत्र पुन्हा सुरू झालं आहे, इथे बसल्या बसल्या त्याची घरघर ऐकू येते. मघाशी धाकटी दारात येऊन उभी राहिली होती, मी कारण विचारीन म्हणून असेल. मी तिला चहा घे म्हटलं.